इको क्लब गळ्यात पडलाय? आधी शाळेची कचऱ्याची बादली उपडी करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका कॉन्व्हेंट शाळेत नवीन लागलेल्या सायन्सच्या मॅडम आहेत, जूनमध्ये प्रिन्सिपल सिस्टरनी इको क्लब त्यांच्याकडे दिला आणि सोबत पोप फ्रान्सिस यांच्या 'लाउदातो सी' या पर्यावरणावरच्या पत्राची जाडजूड प्रिंट ठेवली. वर्गातली बहुतेक पोरं हिंदू, जैन, मुस्लिम. मग हे पत्र त्यांच्यापुढं न्यायचं कसं, पालक काय म्हणतील, फंड तर शून्य, आणि झाडं लावा, पोस्टर काढा, रॅली काढा ह्याच्या पलीकडं खरंच काय करता येतं, असं त्यांनी विचारलंय.

माझी नोकरी कॅथलिक शाळांतच गेली, विषय सायन्स, आणि मी स्वतः ख्रिश्चन नाही, त्यामुळं स्टाफरूममधनं आणि पालकांच्या बाकावरनं अशी दोन्हीकडनं ही गोष्ट बघितली आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मॅडम, पहिलं म्हणजे ते पत्र तुम्ही स्वतः चाळा. २०१५ च्या मे महिन्यात लिहिलेलं, जूनमध्ये जाहीर झालेलं, सहा प्रकरणं, २४६ परिच्छेद. सगळं एका दमात वाचायची गरज नाही. पहिलं प्रकरण वाचा, त्यात प्रदूषण, हवामान, पिण्याचं पाणी, नष्ट होणाऱ्या प्रजाती हे सगळं आहे, आपल्याच पुस्तकातला धडा वाटेल. आणि सहावं वाचा, ते शिक्षणावर आहे, त्यात पोप अगदी घरातल्या मोठ्या माणसासारखं सांगतात की प्लास्टिक-कागद कमी वापरा, पाणी जपून वापरा, कचरा वेगळा करा, खाल्लं जाईल तेवढंच शिजवा, उगाच चालू असलेले दिवे बंद करा. यात धर्मांतराचा वास यायला जागाच नाही. हे पत्र लिहिलंय कुणाला, तर सुरुवातीलाच म्हटलंय की या पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाला. पालक मीटिंगमध्ये कुणी शंका काढलीच तर हे सांगा. आणि आणखी एक, त्यात एका तळटीपेत अली अल-खव्वास या सूफी संताचाही दाखला आहे, हे मी एका मुस्लिम पालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी प्रिंटच मागून घेतली.

आता प्रार्थनेचं. इथं बऱ्याच शाळांत विनाकारण गडबड होते. पत्राच्या शेवटी दोन प्रार्थना आहेत आणि त्या मुद्दाम दोन ठेवल्यात, पहिली सृष्टी निर्माण करणाऱ्या देवावर विश्वास असलेल्या कुणालाही म्हणता येईल अशी, दुसरी ख्रिस्ती लोकांसाठी. म्हणजे तुमचा प्रश्न लिहिणाऱ्यानंच सोडवून ठेवलाय. असेंब्लीत पहिली घ्या, दुसरी कॅटेकिझमच्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या तासाला सिस्टर घेतील. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या किंवा पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, राज्यघटनेचं कलम २८ आहे, ते सांभाळून चाला, म्हणजे पुढं कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. आणि पर्यावरण शिकवायचं बंधन तर सुप्रीम कोर्टाचंच आहे, एम. सी. मेहता यांच्या केसमध्ये १९९१ ला आणि परत २००३ ला कोर्टानं हा विषय सक्तीचा करायला सांगितलं. त्यामुळं 'हे चर्चचं काहीतरी' असं कुणी म्हटलं की शांतपणे हे दोन दाखले द्यायचे आणि चहा मागवायचा.

पण खरं सांगू का, पत्र, प्रार्थना, कोर्ट हे सगळं नंतरचं. पोरं भाषण ऐकून निसर्ग जपायला शिकत नाहीत, शाळा स्वतः कशी वागते ते बघून शिकतात. असेंब्लीत 'सेव्ह वॉटर' म्हणायचं आणि मुतारीचा नळ चार महिने गळत असतो, पोरांना हे बरोबर दिसतं, लई हुशार असतात. म्हणून माझा सल्ला असा की पहिली टर्म शाळेच्या बाहेर पाऊलच टाकू नका, शाळेचाच हिशोब घ्या.

सुरुवात कचऱ्यापासनं. एक दिवस ठरवा, शक्यतो मंगळवार-बुधवार, कारण शनिवारी अर्धी शाळा असते आणि सोमवारी लई पोरं गैरहजर. मावशींना आदल्या दिवशी सांगून ठेवा की आजचा कचरा घंटागाडीत टाकू नका. मैदानावर एक जुनी ताडपत्री अंथरा, सातवी-आठवीची वीसेक पोरं घ्या, हातमोजे आणि मास्क सगळ्यांना, बाथरूमचा कचरा सोडून बाकी सगळं त्यावर ओता आणि ढीग करायला लावा. ओलं एकीकडं, कागद एकीकडं, वेफर्स-कुरकुऱ्यांची चकचकीत पाकिटं एकीकडं, पेनांच्या रिफिली, तुटलेल्या पट्ट्या, चमचे, दुधाच्या पिशव्या. मग भंगारवाल्याचा काटा आणून एकेक ढीग तोलायचा आणि फळ्यावर किलोत लिहायचा. वजनात ओलं आणि वाळलेला पाला जिंकतो, पण आकारानं ढीग मोठा दिसतो तो पाकिटांचा, आणि तिथं पोरं गप्प होतात कारण ती पाकिटं कुणाच्या डब्यातली हे सगळ्यांना माहीत असतं. ती पाकिटं अनेक थरांची असतात, प्लास्टिकवर धातूचा पातळ मुलामा, म्हणून भंगारवाला ती घेत नाही. हे तुम्ही सांगू नका. भंगारवाल्यालाच बोलवा, एकेक वस्तू हातात घेऊन 'हे घेतो, हे न्हाय' असं तो सांगू दे, त्या अर्ध्या तासात पोरं जे शिकतात ते माझ्या तासाला कधी शिकली नाहीत. आणि माणसाला मान मिळतो तो वेगळाच.

त्यानंतर पाल्याचं बघा. कॉन्व्हेंटचं आवार म्हणजे जुनी मोठी झाडं, आणि फेब्रुवारी-मार्चला पाला एवढा पडतो की माळीकाका कोपऱ्यात काडी लावून मोकळे होतात. हे जाळणं पहिलं बंद करा. खड्ड्यात खत करू नका मात्र, कोल्हापूरचा पाऊस बघता जुलैत त्या खड्ड्याचं तळं होतं, डास होतात आणि मग कमिटी म्हणते बुजवा. त्यापेक्षा नाडेप टाकी बांधा. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही पद्धत काढली, त्यांच्या नावावरनंच नाडेप. जमिनीवर विटांचा हौद, साधारण १० फूट लांब, ६ रुंद, ३ उंच, आणि भिंतीत मधेमधे विटा सोडून भोकं ठेवायची म्हणजे हवा खेळते. शाळेला एवढा मोठा नको असेल तर निम्म्या मापाचा करा. जुन्या बांधकामाच्या विटा बहुतेक शाळांत मागं पडलेल्याच असतात.

थर कसे द्यायचे तर खाली वाळका पाला आणि काटक्या, वर डब्यातलं उरलंसुरलं, वर शेणकाला, वर थोडी माती, मग परत पाला. वाळकं नेहमी ओल्यापेक्षा जास्त ठेवायचं, नाहीतर वास मारतो, आणि वास मारला की प्रोजेक्ट संपला असं समजा. आपल्याकडं एक सोय आहे, रसवंतीवाल्याकडचं चिपाड फुकट मिळतं, ते कोयत्यानं बारीक करून थरात घाला, मस्त भुसभुशीत राहतं. शेण गंगावेशीकडं म्हशी बांधणाऱ्या कुणाकडनंही मिळेल, पोरांपैकीच कुणाच्या तरी घरी गोठा निघतो. ओल किती असावी, तर मूठभर घेऊन दाबायचं, पाणी गळता कामा नये पण तळहात ओला लागला पाहिजे. पावसाळ्यात वर पत्रा टाका. तीन-चार महिन्यांत काळं, मातीचा वास येणारं खत होतं. ते किलोच्या पिशव्यांत भरून पालकसभेच्या दिवशी विका, फंडाचा प्रश्न तिथंच थोडाफार सुटतो. एकदा सहावीतल्या एका पोरानं थरात थर्मामीटर खुपसून ठेवला होता आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी चढलेलं बघून तो दिवसभर सगळ्यांना हाताला धरून दाखवत हिंडत होता. सूक्ष्मजीवांचा धडा मी त्या वर्षी तिथं उभा राहूनच घेतला.

आता जे कुणी बोलत नाही ते. मुलींची शाळा असेल किंवा मोठ्या मुली असतील तर सॅनिटरी पॅडचा विषय इको क्लबचाच आहे. बहुतेक ठिकाणी पॅड उघडेच डस्टबिनमध्ये पडतात आणि मावशी ते हातानं उचलतात. लाउदातो सी मध्ये एक मुद्दा आहे जो पोस्टरवाले नेहमी गाळतात, की पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन्ही एकत्रच ऐकायचे. कॅथलिक शाळेचं वेगळेपण काही असेल तर ते इथं दिसलं पाहिजे. बाथरूममध्ये जुन्या वर्तमानपत्राचे कापलेले चौकोन ठेवा, गुंडाळून वेगळ्या झाकणाच्या डब्यात टाकायला शिकवा, घंटागाडीला तो डबा वेगळा द्या, मावशींना जाड हातमोजे द्या. इन्सिनरेटर बसवायची घाई करू नका, शाळेतली छोटी मशिनं नीट तापत नाहीत, धूर करतात आणि वर्षभरात बंद पडतात. हा तास एखाद्या मॅडमनी किंवा सिस्टरनीच घ्यावा. आणि इको क्लबच्या मीटिंगला मावशी आणि माळीकाका पाहिजेतच, खुर्चीवर बसून. शाळेचा कचरा त्यांच्याएवढा कुणालाच कळत नाही.

पाण्याचं सोपं आहे, पटकन सांगतो. गळक्या नळाखाली शाळा सुटताना बादली ठेवा, सकाळी किती भरली ते मोजा, आकडा प्रिन्सिपलच्या टेबलावर ठेवा, दुसऱ्या दिवशी प्लंबर येतो. गेटजवळ एक ड्रम ठेवा, घरी जाताना पोरं बाटलीतलं उरलेलं पाणी रस्त्यावर ओततात ते त्यात ओतू देत, संध्याकाळी झाडांना जाईल. फिल्टरच्या आरओचं वाया जाणारं पाणी पाइपनं टाकीत घ्या, फरशी पुसायला चालतं. आणि गणिताच्या सरांना पटवून एक तास घ्या: १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. कोल्हापूर शहरात वर्षाला १००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. शाळेचं छप्पर १००० चौरस मीटर असेल तर हिशोबानं १० लाख लिटर, गळती-बाष्पीभवन सोडलं तरी ८ लाख. पोरं स्वतः टेप घेऊन छप्पर मोजतात आणि स्वतःच विचारतात की मग आपण उन्हाळ्यात टँकर का मागवतो. उत्तर तुम्ही देऊ नका, कमिटीकडं पाठवा.

दुसऱ्या टर्मला बाहेर पडा. खरं तर नदीची वही जूनपासनंच सुरू करा, कारण पावसाळ्यात कोल्हापूरच्या पोरांना वेगळं काही आणायलाच लागत नाही. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पेपरात येते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, हे आकडे आमच्या पोरांना पाढ्यांआधी पाठ असतात, पाणी मच्छिंद्रीला, म्हणजे पुलावरच्या पुराच्या जुन्या खुणेला, लागलं का हे घरातली म्हातारी माणसं विचारतात. वहीत रोज चार रकाने भरायचे, तारीख, बंधाऱ्याची पातळी, घाटातल्या गगनबावड्याचा पाऊस, राधानगरी धरणाची स्थिती. महिनाभरानं ग्राफ काढला की दिसतं, शहरात ऊन पडलेलं असतानाही पंचगंगा चढते, कारण पाणी येतं घाटाकडनं, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती ह्यांच्यातनं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे कुणी बटण न दाबता कसे उघडतात हा फिजिक्सचा झकास प्रश्न आहे, आणि त्या धरणाचं काम शाहू महाराजांनी सुरू केलं हा इतिहासाचा. पूररेषेचा नकाशा दाखवा, निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतनं एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदा येणारा, आणि मग २०१९ आणि २०२१ असे दोन वर्षांच्या अंतरानं महापूर कसे आले हे पोरांनाच विचारा.

एक सांभाळा. त्या पुरात घर बुडालेली पोरं तुमच्या वर्गात असणार, त्यांना 'माझ्या घरात पाणी शिरलं तेव्हा' असा निबंध देऊ नका. त्यांना बोलायचं असेल तर ती आपणहून बोलतात. आणि पावसाळ्यात पोरांना नदीकाठी न्यायचं नाही म्हणजे नाही, मग पालकांनी कितीही सह्या करून देऊ देत.

डिसेंबर-जानेवारीत न्या. दुधाळी किंवा जयंती नाला नदीला मिळतो तिथं संगमाच्या वरच्या अंगाचं नदीचं पाणी एका काचेच्या बाटलीत आणि खालच्या अंगाचं दुसऱ्या बाटलीत, शेजारी शेजारी धरा. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे दाखवणारा पीएच पेपर स्वस्त मिळतो. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचं किट मिळालं तर भारीच, शिवाजी विद्यापीठात पर्यावरणशास्त्राचा विभाग आहे, तिथं विचारून बघा. आंघोळीला योग्य अशा नदीच्या पाण्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला पाहिजे आणि बीओडी ३ च्या वर नको असं प्रमाण आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात त्याचं माप, एवढं सांगितलं तरी पुरे. फक्त एक करा, इचलकरंजीच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्यांना आणि साखर कारखान्यांना शिव्या घालून पोरांना घरी पाठवू नका. निम्म्या पोरांच्या घरचा ऊस त्याच कारखान्याला जातो आणि आपल्या शाळेची ड्रेनेज लाइन कुठं जाते हे आधी शोधा. मी शोधायला सांगतो तेव्हा स्टाफरूममध्ये सहसा शांतता पसरते.

झाडं लावायचा उत्साह थोडा आवरा. ५ जूनला मंत्र्याच्या हातनं लावलेल्या रोपांचं पुढच्या ५ जूनला काय झालं हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच खड्ड्यात परत दुसरं. लावायचंच तर थोडं लावा आणि इथलं लावा, करंज, जांभूळ, उंबर, ताम्हण, बहावा, आपटा. आपटा तर लावाच, दसरा चौकात सोनं लुटायला जाणाऱ्या पोरांनी एकदा तरी आपटा आणि कांचन शेजारी शेजारी बघितला पाहिजे, बाजारात आपटा म्हणून निम्मी पानं कांचनाचीच असतात. पण लावण्यापेक्षा आवारात आहे ते झाड वर्षभर बघणं मला जास्त मोलाचं वाटतं. पाचवीच्या प्रत्येक गटाला एक झाड द्या. आठवड्यातनं एकदा, ठरलेल्या वारी, पानं कोवळी की जून, कळी, फूल, फळ, आणि झाडावर कोण बसलंय, एवढंच लिहायचं. पांगारा किंवा काटेसावर असेल तर नशीब, उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गळून फुलं येतात आणि मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर सगळे एकाच फांदीवर भांडताना दिसतात. सीझनवॉच म्हणून उपक्रम आहे, त्यात देशभरातल्या शाळा अशाच नोंदी पाठवतात, तिथं टाका. फेब्रुवारीत पक्षीगणना असते तेव्हा रंकाळ्यावर जा, वारकरी आणि जांभळी पाणकोंबडी नवशिक्या पोरांनाही ओळखता येतात.

आणि हे कॅथलिक परंपरेतलंच काम आहे बरं का. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे, ते ज्यांच्या नावानं आहे ते फादर एथेलबर्ट ब्लॅटर स्विस जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातले धर्मगुरू होते. त्यांच्यानंतरचे फादर सांतापाव मूळचे स्पेनचे, त्यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींवर काम केलं आणि पुढं बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक झाले. झगा घातलेले हे फादर सह्याद्रीत झाडाखाली वाकून पानं गोळा करत होते हे पोरांना सांगा, सिस्टरनाही सांगा, बऱ्याच जणींना माहीत नसतं.

सणांचा विषय नाजूक. चर्चमध्ये १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीसाठीचा काळ म्हणून पाळतात, ४ ऑक्टोबर हा असिसीच्या संत फ्रान्सिसचा दिवस, १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना पर्यावरणाचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केलं. आपल्याकडं हाच काळ गणपती-नवरात्राचा आणि त्याला लागून सहामाहीचा. म्हणजे मोठा कार्यक्रम घ्यायला वेळ नाही आणि गणपतीच्या दिवसांत कॉन्व्हेंट शाळेनं विसर्जनावर प्रवचन दिलं तर ते कुणालाच रुचणार नाही, आणि रुचू पण नये. मूर्तिदान, निर्माल्य वेगळं देणं, नदीऐवजी इराणी खणीत विसर्जन हे कोल्हापूरकरांनी स्वतःच अंगवळणी पाडून घेतलंय, पोरांनी घरी काय केलं ते त्यांनाच सांगू द्या. शाळेनं आधी आपल्या घरचं बघावं. नाताळच्या गोठ्याला थर्माकोल कशाला, ऊस-गवत-बांबू आहे की, चकमकी झिरमिळ्या कशाला, २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणदिनी कबरींवर प्लास्टिकच्या फुलांचे हार कशाला. ख्रिस्ती पोरांनी हे एक वर्ष करून दाखवलं की बाकीच्यांशी बोलायला तोंड राहतं.

वेळ कुठनं काढायचा? वेगळा काढूच नका. नववी-दहावीला जलसुरक्षा हा श्रेणीचा विषय आहे, त्याच्या प्रोजेक्टला सगळ्या शाळांत नेटवरनं प्रिंट काढून चिकटवतात, त्याऐवजी ही नदीची वही, छपराचा हिशोब, नळाची बादली हेच प्रोजेक्ट म्हणून घ्या. तिसरी ते पाचवीला परिसर अभ्यास आहेच. इको क्लबच्या नावानं फक्त महिन्याला एक मीटिंग.

राहिला तो व्हॅटिकनचा लाउदातो सी ॲक्शन प्लॅटफॉर्म, २०२१ ला सुरू झालेला, सात उद्दिष्टं आहेत, शाळांना नाव नोंदवता येतं. सिस्टर लगेच म्हणतील नोंदवूया. त्यांना म्हणा, मार्चपर्यंत थांबूया, त्यात शाळेनं सध्या काय चालतंय ते आणि पुढं काय करणार ते लिहायचं असतं, तोवर आपल्याकडं कचऱ्याची वजनं, पाण्याचे आकडे आणि झाडांच्या वह्या असतील. पहिली मीटिंग मात्र याच आठवड्यात घ्या, मावशींची सुट्टी कधी आहे ते विचारून.